प्लेट तापवू नका, असं मी सांगितलं होतं

नाना,

त्या सकाळी तुम्ही दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. पुढे जे झालं ते माझ्या त्या नकारामुळे झालं. हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, माझ्या नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगायचा प्रश्न नव्हता, तुम्हाला ते माहीतच होतं. तुम्हाला माहीत आहे म्हणूनच मी इतकी वर्षं तुम्हाला टाळत आले.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. आपल्या जुन्या कारखान्यातल्या एकाने फोन करून सांगितलं की दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात जे पहिलं आलं ते लिहायलाही लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. आता ते जाणणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं.

सातपूरच्या आपल्या कारखान्यात मी आले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझ्या हातात डिप्लोमा होता आणि डोक्यात पुस्तकं. अख्ख्या शॉपवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, मी एकटी बाई. बसायला टेबल मिळालं, पण बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीतल्या स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडून मागून घ्यावी लागायची आणि तो दर वेळी चारचौघांत मोठ्याने विचारायचा, कशाला हवी. मी दिवसभर पाणी पिणं सोडलं होतं. आठवड्याभरात तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाही. साहेबांकडे जाऊन त्या किल्लीची दुसरी किल्ली करून आणलीत आणि माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवून गेलात. मी आभार मानायला आले तर तुम्ही वेल्डिंगचं हेल्मेट खाली ओढलंत आणि कामाला लागलात.

तुमचे भाऊ मखमलाबादला फुलं, भाज्या पिकवायचे. तुम्ही एकटेच आयटीआयला गेलात आणि आर्गन वायूवरचं वेल्डिंग शिकलात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून तुमचं नाव 'आर्गनवाले नाना' असंच घेतलं जायचं. मला मात्र तुम्ही दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगचा टॉर्च हातात दिलात. मी घाबरले, म्हटलं, मला कागदावरचं येतं, हातातलं नाही. तुम्ही म्हणालात, "मंग कागद तरी काय येणार, ताई?" माझ्या डोक्याला हेल्मेट मोठं व्हायचं, तर त्याचा पट्टा काढून तुम्ही नवीन भोकं पाडलीत. बाकीचे लोक लांबून बघून हसत होते. तुम्ही एकदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंत आणि ते आपापल्या कामाला गेले.

त्या काळात तुम्ही मला अ‍ॅल्युमिनियम शिकवलंत. लोखंड तापलं की लाल होतं, वेल्डरला आधी कळवतं. अ‍ॅल्युमिनियम तसंच पांढरं दिसत राहतं आणि एकदम खाली बसतं. त्याच्यावर न दिसणारी एक साय असते, ती वितळायला आतल्या धातूच्या तिप्पट तापमान लागतं, म्हणून आधी ब्रशने घासायचं, पुसायचं आणि मग हात लावायचा नाही. पुस्तकात हे सगळं मी वाचलं होतं. पण वितळलेला थेंब आरशासारखा चकचकीत झाला की त्याच क्षणी जोडात भरायची तार द्यायची, हे तुमच्या हातावर हात ठेवून समजलं.

मग ती मोठी कवचं आली. विजेच्या उपकेंद्रात बसणारी, पंचवीस मिलीमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची. आपण सगळे त्यांना पिंपं म्हणायचो. पातळ पत्र्याला आर्गन पुरायचा, इथे तो कमी पडायला लागला. कितीही करंट दिला तरी ती जाड प्लेट सगळी उष्णता गिळून टाकायची. वरून जोड सुंदर दिसायचा आणि कापून पाहिला तर तळाशी दोन्ही कडा कोऱ्या, न वितळलेल्या. तुम्ही बर्नर लावून प्लेट आधी तापवून घ्यायचात, पाण्याचा थेंब टाकून तो कसा उडतो ते बघायचात आणि मगच टॉर्च पेटवायचात. जमायचं, पण वेळ फार जायचा आणि त्या धगीपाशी तुम्ही घामाने निथळायचात.

हेलियमची कल्पना माझी होती. आर्गनमध्ये हेलियम मिसळला की आर्क, म्हणजे टॉर्चच्या टोकाची विजेची ज्योत, जास्त तापतो, खोल जातो, असं मी वाचलं होतं. साहेबांच्या मागे लागून मी हेलियमचे बाटले मागवले. पहिल्या दिवशी आर्क पेटेचना. पेटला की फडफडायचा, विझायचा. लोक पुन्हा जमले, बाईंचा गॅस बघायला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हा लय तापट हाय. आर्गनला याच्या संगती ठेवा, जमंल." तीन दिवस आपण दोघं प्रमाण बदलत बसलो. दोन्ही बाटल्यांचे कॉक मी फिरवायची, तुम्ही सांगाल तसे. शेवटी निम्मे-निम्मे ठेवल्यावर आर्क स्थिर झाला आणि त्याचा आवाजच बदलला. तो तुकडा कापून, घासून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून काढला, तेव्हा जोड तळापर्यंत एकजीव झालेला दिसला. तुम्ही तो तुकडा उन्हात धरून बराच वेळ बघत होतात. म्हणालात, "ताई, तुमचा कागद खरा निघाला." माझ्या आयुष्यात नंतर पुष्कळ लोकांनी कौतुक केलं, त्यातलं मला फारसं आठवत नाही. हे आठवतं.

आपला वाद त्यानंतर सुरू झाला. माझं म्हणणं, हेलियम आहे तर तापवायची गरज नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. तुमचं म्हणणं, गॅसही ठेवा आणि थोडं तापवाही. "गॅस आर्कला तापवतो. प्लेट तर आर्क लागंपर्यंत गारच ना. सुरुवातीचं चार बोटं काम कच्चं राहील." मी म्हणायची, दाखवा कच्चं राहिलेलं. शॉपच्या आतल्या प्लेटवर, उन्हाळ्याच्या दिवसांत, ते कच्चं राहत नव्हतं. तुम्ही हसून कामाला लागायचात. मला वाटायचं, मी जिंकले.

डिसेंबरमध्ये ग्राहकाचा इन्स्पेक्टर यायचा होता. पहिलं खरं कवच त्याच्यासमोर जोडायचं होतं. ते मान्य झालं की पुढचं सगळं काम आपल्याकडे येणार होतं आणि त्या कामाचे मुख्य वेल्डर म्हणून तुमचं नाव जाणार होतं. तुम्ही नवीन शर्ट घालून आला होतात. नाशिकची ती थंडी. प्लेटा दोन दिवस बाहेर उघड्यावर पडून होत्या आणि सकाळीच आत आणल्या होत्या. तुम्ही त्यांच्यावर तळहात ठेवलात आणि मला बोलावलंत.

"ताई, हात लावून बघा. गार पडलंय. ओल हाय याच्यात. जरा बर्नर फिरवू का?"

मी हात लावला नाही. इन्स्पेक्टर तेव्हा साहेबांच्या खोलीत चहा घेत होता, कोणत्याही क्षणी बाहेर येणार होता. माझ्या कार्यपद्धतीच्या कागदावर तापवण्याचा रकाना होता आणि त्यात मीच आडवी रेघ मारली होती. आता बर्नर लावला तर तो विचारेल, कागदावर नाही ते कसं करता? बाईंना माहीत नाही का? मी म्हटलं, "नको, नाना. हेलियम त्याच्यासाठीच आणलाय."

तुम्ही ब्रश केला, पुसलं, तयारी केली. टॉर्च उचलायच्या आधी पुन्हा माझ्याकडे आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "पाच मिनिटं द्या फक्त. अंगावर शाल घेतल्यागत होईल तिला."

मी म्हटलं, "तापवू नका. मी सांगतेय ना."

'मी सांगतेय ना' हे शब्द मी त्याआधी तुमच्याशी कधीच वापरले नव्हते.

तुम्ही सुरू केलंत. पहिल्या वीतभरात आर्क कुरकुरत होता, मला लांबूनही ऐकू आलं. तुम्ही थांबलात, हेल्मेट वर करून माझ्याकडे पाहिलंत. तेव्हाही मी थांबवू शकले असते. इन्स्पेक्टर माझ्या शेजारी उभा होता. मी हाताने खूण केली, चालू द्या. तुम्ही हेल्मेट खाली घेतलंत आणि पुढचा जोड असा केलात की इन्स्पेक्टरने मान डोलावली.

दोन दिवसांनी त्या जोडाचा एक्स-रे आला. सुरुवातीच्या वीतभर लांबीत काळ्या ठिपक्यांची रांग होती आणि तळाशी कड वितळलेलीच नव्हती. ओल आणि गारवा. तुम्ही सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्या फिल्मवर उमटलं होतं.

साहेबांच्या खोलीत आपण चौघं होतो. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. इन्स्पेक्टर म्हणाला, सुरुवातच कच्ची आहे, पुढचं ठीक आहे. साहेबांनी तुम्हाला विचारलं, पहिल्याच ठिकाणी हात हलला का. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या नजरेत राग नव्हता, नाना. तुम्ही वाट बघत होतात. मी आता बोलेन, असं तुम्हाला खरंच वाटत होतं, आणि ते दिसत होतं मला.

मी फिल्मकडे बघत राहिले. बोलले असते तर काय झालं असतं? ओरडा बसला असता. शॉपवर चार दिवस चर्चा झाली असती की बाईला काही कळत नाही. कदाचित मला टेबलावरच्या कामावर पाठवलं असतं. याहून जास्त काही झालं नसतं. तेवढ्याचीच मला भीती वाटली.

तुम्ही म्हणालात, "हालला असंल, साहेब."

अहवालात कारणाचा रकाना मला भरायचा होता. मी लिहिलं, वेल्डरचं कौशल्य अपुरं. खाली माझी सही. प्रत्येक वेल्डरचा एक नंबराचा शिक्का असायचा, जोडाशेजारी तो ठोकायचा म्हणजे काम कुणाचं ते कळायचं. तुमचा शिक्का स्टोअरमध्ये जमा झाला. तुम्हाला लोखंडाच्या विभागात पाठवलं, स्टँड आणि रॅक जोडायला. जाताना तुम्ही मला म्हणालात की नवीन येईल त्याला थेंब ओळखायला शिकवा, तो घाई करेल.

सहा महिन्यांनी तुमची पुन्हा परीक्षा घेता येत होती. त्यासाठी माझी शिफारस लागायची. फॉर्म माझ्या टेबलावर आला आणि मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. परीक्षा म्हटली की जुनं प्रकरण उघडणार, कुणीतरी विचारणार की थंडीत प्लेट का तापवली नव्हती. तुम्ही एकदा दारापाशी येऊन उभे राहिलात, माझ्याकडे कुणी बसलं होतं, तुम्ही परत गेलात. मी पाहिलं होतं तुम्हाला. मी हाक मारली नाही.

आणि पुढच्या कवचांच्या कागदावर त्या रकान्यातली आडवी रेघ मी खोडली. 'जोडापूर्वी प्लेट हाताला गरम लागेपर्यंत तापवावी' असं लिहिलं. कारण लिहिलं नाही, कुणी विचारलंही नाही. ती कवचं एकामागून एक पास झाली. तो कागद शॉपच्या फलकावर लागला होता आणि एका जेवणाच्या सुट्टीत तुम्ही लोखंडाच्या विभागातून येऊन तो वाचताना मला दिसलात. बोटाने एकेक ओळ धरून वाचत होतात. वाचून झाल्यावर तुम्ही कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून नीट चिकटवलात आणि गेलात.

दोन वर्षांनी तुम्ही नोकरी सोडलीत. पेठ रोडला पत्र्याची शेड टाकून गेट, ग्रिल, टाक्यांचे स्टँड करायला लागलात. मी मात्र वर चढत गेले. जाड अ‍ॅल्युमिनियमचं मिश्र गॅसवरचं काम म्हटलं की माझं नाव निघायचं, लोक पुण्याहून बघायला यायचे. एका महिला दिनाला गंगापूर रोडच्या सभागृहात माझा सत्कार झाला. मी भाषणात आईवडिलांचे, नवऱ्याचे, साहेबांचे आभार मानले. बोलता बोलता पाचव्या रांगेत तुम्ही दिसलात. पेपरात वाचून आला होतात, पांढरा शर्ट घालून. मी तुम्हाला पाहिलं, वाक्य संपवलं आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळले. तुमचं नाव घ्यायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती. नाव घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. नुसतं नाव घेता आलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही पुढे आलात. म्हणालात, चांगलं बोललात, आवाज मागपर्यंत येत होता. मग जरा थांबून विचारलंत, "थंडीत आता तापवता ना?"

मी म्हटलं, "हो. थोडंसं."

"बरं," म्हणालात आणि हसलात. आपला वाद एवढ्यावर मिटला असं तुम्ही ठरवलंत बहुतेक. मी तुम्हाला चहालासुद्धा थांबवलं नाही. आपली ती शेवटची भेट.

काल दुपारी मी तुमच्या घरी गेले. काकूंनी मला ओळखलं. म्हणाल्या, हे तुमचं नाव लय घ्यायचे, ताईंचं डोकं लय चालतं म्हणायचे. त्यांनी पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगून टाकलं. गार प्लेट, तुम्ही दोनदा विचारणं, साहेबांची खोली, माझी सही, ड्रॉवरमधला फॉर्म. मला वाटत होतं, काकूंना ठाऊकच असणार. तुम्ही घरी कधीतरी बोलला असाल, त्या मला शिव्या देतील किंवा गेलं ते गेलं म्हणतील. दोन्हींची तयारी करून मी गेले होते.

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्या माझ्यासमोर खाली बसल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. तुम्हाला आर्गनवरून खाली उतरवलं तेव्हा त्यांनी तुम्हाला कारण विचारलं होतं आणि तुम्ही सांगितलं होतं, हात हलला. त्यांना पटेना. दारू नाही, तंबाखू नाही, मग हात हलेल कसा? त्यांना वाटलं, डोळे गेले. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे जातात असं त्यांनी ऐकलं होतं. त्या तुम्हाला ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. तर त्या दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तुम्ही दोन्हीकडे गेलात, खुर्चीत बसून अक्षरं वाचलीत, काही बोलला नाहीत.

"पुढं भांडण झालं की मी तेच काढायची," काकू म्हणाल्या. "हात गेलाय तुमचा, म्हणायची. भाऊबंदांसमोर म्हणायची. शेडवर कुणी नाजूक काम घेऊन आलं की मीच त्याला सांगायची, यांना नका देऊ, यांना आता जमत नाय." मग म्हणाल्या, "आन् ते आइकून घ्यायचे. येवढी वर्सं."

मला वाटत होतं, तुमचं आणि माझं काय ते एका फिल्मपुरतं आहे, एका शिक्क्यापुरतं. तुम्ही रोज जेवायला बसत होतात त्या घरात माझं गप्प राहणं तुमच्या आधी जाऊन बसलेलं होतं, हे मला काल कळलं. काकूंच्या तोंडून जे निघत होतं ते मी लिहिलेले शब्द होते. आता त्यांनाही ते परत घेता येणार नाहीत, कारण ऐकायला तुम्ही नाही.

तुम्ही मला का वाचवलंत, नाना? मुलगी म्हणून? बाई म्हणून? की मी स्वतःहून बोलेन याची वाट बघत राहिलात आणि वर्षं निघून गेली? हे मी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हेल्मेट खाली ओढलं असतंत, हे माहीत आहे मला. तरी विचारायला हवं होतं. जुन्या कारखान्यात तो अहवाल अजून असेल तर तो दुरुस्त करून घ्यायला मी सोमवारी जाणार आहे. आज साहेब दुसरेच आहेत, त्यांना त्याचं काही वाटणार नाही. तरी जाणार आहे.

मी निघायला उठले तर काकू म्हणाल्या, बसा. त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला कळलं नाही आणि विचारायचा अधिकारही मला नव्हता. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून तुमच्या मुलीला हाक मारली. शाळेत शिकवते ना ती आता. ती ओल्या हातांनी बाहेर आली, मला नमस्कार करायला वाकू लागली, तर काकूंनी तिला धरून शेजारी बसवलं.

"बस. या ताई तुझ्या बापाचं काय सांगतात ते आइक."

तिने माझ्याकडे पाहिलं. तुमच्यासारखेच डोळे, तशीच वाट बघणारे. मी मांडीवरचा पदर नीट केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.